पटरचा नेक कोणता घ्यावा?

या वेळच्या पत्रांत पटरच्या नेकबद्दलचे प्रश्न इतके आले की सगळी जागा त्यांनाच दिली आहे. उत्तरे उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिली आहेत. डावखुऱ्यांनी डावे-उजवे उलट वाचावे. नव्यांसाठी थोडक्यात: पटर म्हणजे गोल्फमध्ये ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चेंडू होलकडे लोटायचा क्लब. त्याच्या हेडची चेंडूला लागणारी बाजू म्हणजे फेस, खेळाडूकडचे टोक हील, दूरचे टोक टो, आणि हेड शाफ्टला (दांड्याला) जोडतो तो नेक.

प्रश्न: माझ्याकडे प्लंबर नेकचा (नळाच्या जोडासारखा वाकलेल्या नेकचा) ब्लेड, म्हणजे अरुंद हेडचा, पटर आहे. स्ट्रोक मागे जाताना बराच आत येतो. दीड-दोन मीटरचे सरळ पट (पटरचे फटके) सारखे होलच्या उजवीकडून निघून जातात. सोबतचे खेळाडू म्हणतात, डबल बेंडचा (शाफ्टच दोनदा वाकवलेला) फेस-बॅलन्स्ड (शाफ्ट आडवा धरला की फेस आकाशाकडे राहणारा) मॅलेट, म्हणजे मागे रुंद हेडचा पटर, घे. पण कमानीच्या स्ट्रोकला टो हँगच (शाफ्ट आडवा धरला की टो खाली झुकणे) हवा असेही सगळीकडे वाचतो. नेक बदलू का?

उत्तर: बदलावा लागेल कदाचित, पण स्ट्रोकची कमान पाहून नव्हे.

नेक तीन गोष्टी ठरवतो. शाफ्टचा अक्ष हेडच्या गुरुत्वमध्यापासून किती लांबून आणि कोणत्या बाजूने जातो, ही पहिली; टो हँग यातूनच येतो. फेस शाफ्टच्या किती मागे राहतो, म्हणजे ऑफसेट, ही दुसरी. आणि चेंडूशी उभे राहून खाली पाहिल्यावर डोळ्यांना काय दिसते, ही तिसरी. दुकानात चर्चा पहिलीचीच होते, पण चुकलेल्या पटांचे मूळ बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्यात सापडते.

‘कमान असेल तर टो हँग, सरळ असेल तर फेस-बॅलन्स्ड’ हा ठोकताळा सुरुवात करायला ठीक आहे. त्याची अडचण अशी की कमान म्हणजे हेडचा मार्ग, आणि चेंडू मात्र मुख्यतः फेस जिकडे पाहत असेल तिकडे सुटतो. सुटण्याच्या दिशेत फेसचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक असतो. ३ मीटरच्या पटला फेस १ अंशाने चुकला तर चेंडू ५२ मिमी बाजूला जातो. होलचा व्यास १०८ मिमी, म्हणजे मध्यापासून कड ५४ मिमीवर. तेव्हा एका अंशातच चेंडू कडेला पोचतो. तुमची कमान मोठी आहे की छोटी यापेक्षा चेंडूला लागताना फेस उघडा राहतो की जास्त मिटतो, हे आधी कळायला हवे.

त्यासाठी तीन तपासण्या करा, आणि याच क्रमाने करा.

पहिली, चेंडू फेसवर कुठे लागतो. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर ठिपका काढा, ती बाजू फेसकडे करून ठेवा आणि मारा. फेसवर खूण उमटते. दहा चेंडूंत सहा-सात खुणा मध्यापासून १० मिमीहून जास्त टोच्या बाजूला असतील तर फेस धक्क्यानेच उघडतो आहे. तिथे नेकचा दोष नाही. पटरची लांबी, लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) किंवा तुमचे चेंडूपासूनचे अंतर आधी पाहा.

दुसरी, नेम. हा भाग मोठा आहे, त्याचे उत्तर पुढे ऑफसेटच्या प्रश्नात दिले आहे.

तिसरी, फाटक. सपाट ग्रीनवर चेंडूच्या ५० सेमी पुढे दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवा, मधले अंतर ६० मिमी. चेंडूचा व्यास ४२.७ मिमी असल्याने दोन्ही बाजूंना ८.६ मिमी मोकळीक उरते, म्हणजे साधारण १ अंश. वीस चेंडू मारा आणि कोणत्या टीला किती लागले ते लिहून ठेवा. होलकडे पाहून मोजू नका, कारण होलपर्यंत पोचेस्तोवर उतार आणि वेग दोन्ही त्यात मिसळतात.

आता निकाल. खुणा मध्यावर आहेत, नेम बरोबर आहे आणि तरीही उजव्या टीला वारंवार लागते आहे, तर टो हँग कमी करून पाहावा. शाफ्टच्या अक्षापासून वजन टोच्या बाजूला असेल तर पटर पुढे वेग घेताना ते वजन मागे रेंगाळते आणि फेस उघडा राहू पाहतो. तो मिटवायला हात कमी पडत असतील तर रेंगाळणारे वजनच कमी केलेले बरे. डाव्या टीला लागत असेल तर उलट: हात आधीच जास्त मिटवत आहेत, त्यांना टो हँगचा विरोध मिळू द्या.

मात्र सोबत्यांचा सल्ला आहे तसा लगेच मानू नका. टो हँग ४५ अंशांवरून (कसा मोजायचा ते पुढच्या प्रश्नात) एकदम शून्यावर नेलात तर ज्या हातांना फेस जोर लावून मिटवायची सवय आहे ते तितकाच जोर लावत राहतात, आणि आठवड्याभरात चेंडू डावीकडे जायला लागतात. आधी २० ते ३० अंशांचा पटर मागून घ्या, त्याच फाटकातून वीस-वीस चेंडूंचे तीन फेरे मारा, आणि तिसऱ्या फेऱ्याचे आकडे धरा. पहिल्या फेऱ्यात नव्या पटरचे कौतुक असते. काहींचे हात उलटीच भरपाई करतात आणि जास्त हँगवर त्यांचे चेंडू सरळ जातात. त्यांनी ठोकताळा सोडून फाटकाचे ऐकावे.

प्रश्न: टो हँग घरी मोजतो, पण दर वेळी वेगळा येतो. टेबलावर शाफ्ट ठेवून हेड बाहेर लोंबू देतो. चूक कुठे होते?

उत्तर: ग्रिपमध्ये. तिचा पुढचा भाग सपाट असतो, तो टेबलाला टेकला की शाफ्ट गोल फिरतच नाही. शिवाय ग्रिप जाड असल्याने शाफ्ट आडवा न राहता तिरपा होतो.

शाफ्टचा फक्त धातूचा गोल भाग टेकवा. दोन सारख्या उंचीच्या डब्यांवर एकेक गुळगुळीत पेन्सिल आडवी ठेवा, आणि तोलबिंदू दोन्ही पेन्सिलींच्या मध्ये येईल असा पटर त्यांवर ठेवा. ग्रिप हवेतच राहू द्या. शाफ्टला पायऱ्या असतील तर पेन्सिल पायरीवर येऊ देऊ नका, तिथे अडकते. डबल बेंड असेल तर वाकणाच्या वरचाच सरळ भाग वापरा. हेड हाताने एका बाजूला फिरवून सोडा, स्थिर झाले की फोनची कड फेसवर अलगद धरून कोन वाचा. मग दुसऱ्या बाजूने फिरवून सोडा आणि परत वाचा. घर्षणामुळे दोन आकडे सहज ४-५ अंशांनी वेगळे येतात. त्यांची सरासरी हाच तुमचा टो हँग. पेन्सिलीवर बोटाने हलकेच टकटक केलीत तर दोन्ही आकडे जवळ येतात.

फेस आकाशाकडे असेल तर शून्य अंश, टो सरळ जमिनीकडे असेल तर ९०. घड्याळाच्या भाषेत बोलणारे शून्याला तीन वाजले म्हणतात आणि ९०ला सहा. साडेचार म्हणजे ४५ अंश. पिस्तुली आकाराच्या ग्रिपचे वजनही अक्षाच्या एका बाजूला असते आणि आकडा किंचित सरकवते, म्हणून दोन पटरांची तुलना करताना ग्रिप वेगळ्या असतील तर २-३ अंशांच्या फरकावर निर्णय घेऊ नका.

अंदाजासाठी: ब्लेडवर प्लंबर नेकचा हँग साधारण ३० ते ४५ अंश येतो, फ्लो नेकचा (हीलकडे वळत उतरणाऱ्या नेकचा) ५० ते ७०, आणि थेट हीलमधून शाफ्ट निघणाऱ्या जुन्या धाटणीच्या ब्लेडचा त्याहून जास्त. डबल बेंड शून्याजवळ. पण नावावर विसंबू नका. तोच प्लंबर नेक हेडवर दोन-चार मिलिमीटर हीलकडे किंवा मध्याकडे बसवला की आकडा पार बदलतो.

प्रश्न: माझा जुना ब्लेड आणि नवा मॅलेट, दोन्हींना शॉर्ट स्लँट (आखूड, तिरका) नेक आहे. मॅलेटचा टो हँग मोजला तर बराच कमी आला, तरी हातात तोच जास्त ओढ घेतो असे वाटते. हे कसे?

उत्तर: तुमच्या हाताला बरोबर कळले आहे. टो हँग हा फक्त कोन आहे. ओढीचे माप तो सांगत नाही.

शाफ्टच्या अक्षाला शून्य धरा. समजा ब्लेडचा गुरुत्वमध्य अक्षापासून १२ मिमी टोकडे आणि १२ मिमी मागे आहे. पटर आडवा लोंबवला की गुरुत्वमध्य अक्षाच्या बरोबर खाली येतो, आणि टो ४५ अंशांनी झुकतो. मॅलेटचे वजन मागे पसरलेले असते. तिथे गुरुत्वमध्य टोकडे तेवढाच १२ मिमी, पण मागे २४ मिमी धरू. आता कोन येतो सुमारे २७ अंश. नेक तोच, हँग जवळजवळ निम्मा. पण अक्षापासून गुरुत्वमध्याचे थेट अंतर काढा: ब्लेडला १७ मिमी, मॅलेटला २७ मिमी. हेडचे वजन सारखे असेल तर मॅलेटची फिरवणारी ओढ दीडपटीहून जास्त आहे, फक्त तिची दिशा वेगळी.

म्हणूनच फेस-बॅलन्स्ड पटर ‘फिरत नाही’ हा समज चुकीचा आहे. ग्रिप दोन बोटांत अगदी सैल धरा, पटर खेळायच्या कोनात, म्हणजे सुमारे ७० अंशांत, तिरपा ठेवा आणि हेड जमिनीपासून उचला. मागे लांब वजन असलेला फेस-बॅलन्स्ड मॅलेट हळूहळू उघडायला लागेल, कारण त्याचे मागचे वजन तुमच्या पायांकडे घसरू पाहते. मारताना हीच ओढ बहुतांश वेळ उपयोगी पडते: पुढे जाताना अक्ष वजनाला मागून ओढत नेतो, जसा बैल गाडा ओढतो, आणि ओढलेला गाडा सरळ येतो. स्ट्रोक मागे न्यायला सुरुवात करतानाच्या क्षणी मात्र अक्ष वजनाला ढकलत असतो, आणि ढकललेला गाडा वळतो. मॅलेट घेतल्यावर पहिले १० सेमी मागे जातानाच फेस डुलत असेल तर ते यामुळे. सुरुवात झटक्याने न करता संथ केली की बरेचसे थांबते.

मॅलेटची निवड करताना म्हणून दोन्ही पाहा: पेन्सिलीवरचा कोन आणि सैल धरल्यावर तो किती जोरात फिरतो ते.

प्रश्न: पूर्ण शाफ्टचा ऑफसेट असलेला पटर वापरतो. नेम धरल्यावर मागून पाहणारे सांगतात की फेस डावीकडे आहे. मला मात्र तो सरळच दिसतो.

उत्तर: मागून पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवरही फार भिस्त ठेवू नका, मागे उभे राहून १-२ अंश कोणालाच ओळखता येत नाहीत. मोजून घ्या.

लागते ते इतके: साधा लेझर पॉइंटर, ३ सेमीचा सपाट आरसा, दुहेरी चिकटपट्टी आणि एक उंच पांढरा पुठ्ठा. आरसा फेसच्या मध्यावर घट्ट चिकटवा. होलच्या जागी, २.५ मीटरवर, चेंडूच्या उंचीला लेझर ठेवा आणि त्याच्या मागे पुठ्ठा उभा करा. लेझर बंद असताना चेंडूमागे पटर धरून नेहमीसारखा होलवर नेम घ्या. पटर जराही न हलवता दुसऱ्याने चेंडू उचलावा आणि लेझर लावावा. किरणाकडे थेट कोणीही पाहू नये.

परावर्तित ठिपका पुठ्ठ्यावर वर पडेल, कारण पटरला ३ अंश लॉफ्ट (फेसचा वरच्या बाजूला कल) असला तर किरण ६ अंश वर जातो, म्हणजे लेझरपासून जवळजवळ २६ सेमी वर. पुठ्ठा उंच हवा तो याचसाठी. आडवा फरक तेवढा मोजा. फेस १ अंश वळला की किरण २ अंश वळतो, तेव्हा ८७ मिमी म्हणजे १ अंश. दर वेळी पटर उचलून, दोन पावले मागे जाऊन, नव्याने उभे राहून दहा वेळा करा.

दहाही ठिपके एकाच बाजूला आणि एकमेकांजवळ पडले तर ती तुमच्या डोळ्यांची ठरलेली सवय आहे, आणि नेक बदलून ती हलवता येते. ठिपके दोन्हीकडे विखुरले तर नेक बदलून काही हाती लागणार नाही. तिथे उभे राहण्याची पद्धत आधी पक्की करा.

ऑफसेटने नेम डावीकडेच सरकतो असा सरसकट नियम आम्ही सांगणार नाही. बऱ्याच जणांचा सरकतो, काहींचा उजवीकडे जातो. पूर्ण ऑफसेट, अर्धा आणि शून्य असे तीन पटर एकाच बैठकीत आरशावर तपासा, पण हेडवरच्या रेघा तिन्हींवर सारख्या असू द्या. नाहीतर फरक नेकचा की रेघेचा हे कळायचे नाही.

आणखी एक बारकावा. पटरच्या शाफ्टचे टोक साधारण ९.४ मिमी जाड असते, म्हणून पूर्ण ऑफसेट म्हणजे फेस तितका मागे. ऑफसेट नसलेल्या पटरवर आलात आणि हात फेसच्या हिशोबाने पूर्वीच्याच जागी ठेवलेत, तर ३४ इंची पटरचा शाफ्ट ०.६ अंश पुढे कलतो आणि लॉफ्ट तेवढाच कमी होतो. पूर्वीच लॉफ्ट २ अंशांवर असेल तर चेंडू जमिनीत दाबला जाऊन सुरुवातीला उडी मारतो. चेंडूची जागा १ सेमी पुढे घेऊन पाहा.

प्रश्न: सेंटर शाफ्ट नियमात बसतो का? आणि तो कोणाला मानवतो?

उत्तर: बसतो. हा संशय जुन्या इतिहासामुळे टिकून आहे. गोल्फपटू वॉल्टर ट्रॅव्हिस यांनी १९०४ मध्ये शेनेक्टडी नावाच्या, मधोमध शाफ्ट असलेल्या पटरने ब्रिटिश अॅमॅच्युअर स्पर्धा जिंकली. पुढे १९१० मध्ये आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने तशा मॅलेटवर बंदी घातली आणि ती १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला उठली. आजच्या नियमांत पटरचा शाफ्ट हेडच्या कोणत्याही जागी जोडता येतो. बाकीच्या क्लबना मात्र तो हीलकडेच लागतो.

मानवतो तो प्रामुख्याने ज्यांना ऑफसेट नकोसा वाटतो आणि शाफ्टची रेघ चेंडूवरच उतरलेली हवी असते त्यांना. पण ज्यांच्या खुणा फेसवर १२-१५ मिमी पसरतात त्यांनी बारीक सेंटर-शाफ्ट ब्लेड टाळावा. त्यात टो-हीलच्या टोकांना वजन कमी असते, आणि मधून हुकलेला चेंडू अंतरात चटकन तोकडा पडतो. मागे रुंद मॅलेट असलेला सेंटर शाफ्ट चालेल. शाफ्ट डोळ्यांखाली येतो, आणि चेंडूचा काही भाग झाकला गेल्याने चेंडू टोवर लागायला लागतो का, हे पहिल्या दिवशीच मार्करने तपासा.

प्रश्न: नेक वाकवून टो हँग किंवा ऑफसेट बदलता येतो का? लेड टेपने (शिशाच्या चिकटपट्टीने)?

उत्तर: लाय आणि लॉफ्ट बदलायला नेक वाकवतात, तेही एखाद-दोन अंशांपर्यंत, पटर पकडायच्या खास मशीनवर. कार्बन स्टीलचा नेक मऊ असतो. ओतीव स्टीलचा ताठ, त्याला हळूहळू घ्यावे लागते. अॅल्युमिनियमचे हेड असेल तर वाकवूच नका, तडा जातो. घरच्या शिकंज्यात सोल (हेडचा तळ) धरून शाफ्टवर जोर देणे हा सगळ्यात वाईट मार्ग आहे: नेकऐवजी शाफ्ट वाकतो आणि सोलवर दात उमटतात. लॉफ्ट वाढवला की ऑफसेट थोडा कमी होतो आणि कमी केला की वाढतो, हे करणाऱ्याला आधी विचारून घ्या. लायसाठी मात्र फार जिवाचा आटापिटा करू नका. ३ अंश लॉफ्टच्या पटरची लाय ४ अंशांनी चुकली तरी दिशेत फरक पडतो तो ०.२ अंशांचा. लाय जुळवायची ती चेंडू मध्यावर लागावा आणि डोळे योग्य जागी यावेत म्हणून.

लेड टेपने नेक बदलल्यासारखे होईल ही आशा सोडा. ३५० ग्रॅमच्या हेडला, गुरुत्वमध्यापासून ५० मिमी दूर टोवर ५ ग्रॅम टेप लावली तर गुरुत्वमध्य सरकतो ०.७ मिमी. वरच्या उदाहरणातल्या ब्लेडचा हँग त्याने ४५चा ४६-४७ होतो.

खरा बदल हवा असेल तर हेडमध्ये शाफ्ट थेट भोकात किंवा खुंटीवर बसणारा पटर पाहा. त्यात डबल बेंडऐवजी सिंगल बेंड शाफ्ट बसवून हँग आणि ऑफसेट दोन्ही बदलतात. फेसमध्ये इन्सर्ट (चिकटवलेला वेगळा तुकडा) असेल तर जुना शाफ्ट काढताना दिलेली उष्णता इन्सर्टच्या डिंकापर्यंत पोचू देऊ नये; ओला कपडा फेसभोवती गुंडाळतात तो याकरिताच. इपॉक्सी लावल्यावर २४ तास पटर हलवू नका. आणि वाकडा शाफ्ट डिंक सुकायच्या आत नीट फिरवून बसवा. तिथे २ अंश चुकले तर हँग, लाय आणि नेम तिन्ही एकदम चुकतात.

नियमाची मर्यादा: शाफ्टचे वाकण सोलपासून १२७ मिमीच्या आतच हवे, त्याच्या वर शाफ्ट सरळ. पटर नेहमीसारखा उभा धरला असता शाफ्ट उभ्या रेषेपासून किमान १० अंश कललेला असावा. फेरी सुरू झाल्यावर नेक, वजने किंवा टेप बदलायची नाही.

प्रश्न: ‘झिरो टॉर्क’ पटर घेतला तर नेकचा प्रश्नच मिटतो का?

उत्तर: हँगचा मिटतो. त्यात शाफ्टचा अक्ष गुरुत्वमध्यातूनच जातो, त्यामुळे सैल धरला तरी फेस कुठेच फिरत नाही. फाटकात ज्यांचे चेंडू दोन्ही टींना सारखेच लागतात त्यांनी तो जरूर वापरून पाहावा. हँग कमी-जास्त करून त्यांना फारसा फायदा होत नाही, कारण चुकीला ठरलेली बाजूच नसते.

नेमाचा प्रश्न मात्र उरतो. यातल्या बऱ्याच पटरांत शाफ्ट फेसच्या मागून निघतो, म्हणजे ऑफसेट उलटा, फेस शाफ्टच्या पुढे. काहींची ग्रिपही मुद्दाम कललेली असते, म्हणजे हात पुढे राहतात. डोळ्यांना हे चित्र इतके वेगळे असते की जुनी नेमाची सवय कोणत्याही बाजूला सरकू शकते. आरशाची चाचणी विकत घेण्याआधी करा, आणि पहिल्या दिवशी नव्हे, तर मागून आणलेल्या पटरवर आठवडाभर रोज वीस चेंडू मारून झाल्यावर पुन्हा एकदा करा. दोन्ही वेळचे दहा-दहा ठिपके एकाच पुठ्ठ्यावर वेगळ्या रंगांत नोंदवा. दुसऱ्या रंगाचे ठिपके एकमेकांच्या जवळ आलेले दिसले नाहीत, तर तो पटर परत करा.